आपाचा पेपर चालू होता तेव्हा

अब्बा,

गेल्या जुम्म्याला मी आपाकडं गंगापूरला गेलो होतो. ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता ती तुमच्याबद्दल एक गोष्ट बोलून गेली, अगदी सहज, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, तुम्ही होता तेव्हा तर नाहीच. लिहायला मला मराठीच येतं. तुम्ही घरी उर्दूच्या मुळाक्षरांचा कायदा घेऊन बसायचात तेव्हा आपा पाटीवर अलिफ काढायची आणि मी मागच्या भिंतीवरून उडी टाकून पतंगांच्या मागं गेलेलो असायचो. तेव्हा मराठी चालवून घ्या. तुम्ही मराठी हळू वाचायचात, बोट ठेवून, पण वाचायचात.

गंगापूरला जायला अजून जीपच बरी. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसवतात, त्यामुळं गाडी नक्की कोण चालवतंय ते कळत नाही. वाळूजपर्यंत कंपन्यांच्या बसा आणि शिफ्ट सुटलेल्या मोटारसायकली, त्यापुढं ऊस. मी वाळूजलाही काम केलं, दोन महिने, पत्र्याला भोकं पाडायच्या मशीनवर. मग सोडलं. मग मंडपवाल्याकडं, मग एका ट्रकवर, मग उरुसात खेळणी विकली. सध्या मुकुंदवाडीला खोली आहे, स्टेशनच्या जवळ, आणि गाड्यांचे आवाज आले की पाय शिवशिवतात. पण ते राहू द्या. आपाचा दवाखाना सांगत होतो. एसटी स्टँडच्या पलीकडं दोन खोल्या आहेत, बाहेर बाकडं. मी गेलो तेव्हा एक म्हातारी बाई नाडी दाखवत होती. मला बघून म्हणाली, "बाई, ह्यो कोण म्हनायचा?"

"भाऊ माझा," आपा म्हणाली.

"डाक्टरच हाय का ह्यो बी?"

"नाही."

"मंग काय करतू?"

आपानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "फिरतो."

"फिरंना का," म्हातारी म्हणाली, "तब्येत झ्याक हाय त्याची."

हसलो सगळे. मीही हसलो. पण तुमच्यापुढं काय लपवायचं, जळलो. तिशी ओलांडली तरी मी अजून आपावर जळतो, आणि ते दवाखान्यामुळं नाही, पैशांमुळं नाही, नावामागच्या डिग्रीमुळं नाही. तुमच्यामुळं जळतो.

तुमची नोकरी कॉलेजातल्या बायोलॉजीच्या प्रयोगशाळेत. कागदावर परिचर. पोरं मात्र चाचा म्हणायची आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रोफेसरांपेक्षा तुम्हाला जास्त घाबरायची, कारण मेणाच्या ट्रेमधे मेंढक उताणा टाचून कुणाला कुठला द्यायचा ते तुमच्या हातात असायचं. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण फळीवरची प्रत्येक बरणी तुम्ही नावानं ओळखत होता, आणि मेंढकाच्या डोक्यातल्या दहा नसा तुम्हाला ऐकून ऐकून पाठ होत्या. जेवताना कधी लहर आली की त्या म्हणून दाखवायचात, जसं दुसऱ्या घरात कुणी गाणं म्हणावं. तुमच्या कपड्यांना फॉर्मलिनचा वास यायचा. अम्मी तुमची कमीज वेगळी धुवायची. मला तो वास आवडायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पावसाळ्यात मेंढकं आणायचं काम तुमचंच. सकाळी फज्रची नमाज झाली की सायकल काढायची, पुढं दांडीवर मी, मागं गोणपाट, आणि खाम नदीच्या कडंनं जायचं. दबकत जाऊन झडप घालायची असते, आणि ती मला जमायची. तुम्हाला तेवढी जमायची नाही, तुमचे गुडघे वाजायचे. एकदा मी एकामागं एक सात पकडले. तुम्ही गोणीचं तोंड धरून उभे होता, म्हणालात, "हात अच्छा है तेरा." एवढंच. घरी आलो. तुम्ही त्यातला एक मेंढक ठेवून घेतला, ताटाएवढ्या ट्रेमधे टाचला आणि आपाला बोलावलं. अंगणात दोघं वाकून बसलात. तुम्ही सळईनं दाखवत होता, ती वहीत काढत होती. मी मधे म्हणालो, "ये तो मैंने पकडा." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हौ, हौ. चुप बैठ, उसकू पढने दे." माझं वय तेव्हा दहा-अकरा असेल. मी पकडायचं आणि तिनं शिकायचं, असं त्या दिवसापासून ठरून गेलं, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग दहावीत तिला मार्क पडले आणि तुम्ही तो बीदरचा बेत काढला. अम्मीचं माहेर बीदर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आपा जन्मली बीदरला. मी दुसरा, म्हणून इथं. आपल्या घरात कुणाला हा फरक कधी जाणवलाच नव्हता. दादांच्या, म्हणजे तुमच्या अब्बांच्या वेळी इथून तिथपर्यंत एकच मुलूख, एकच नाणं, एकच कचेरीची भाषा. पोलिस ॲक्शन झाली, पुढं काही वर्षांनी राज्यं नवी पडली, बीदर कर्नाटकात गेलं, आपण इकडं आलो. पण आपल्यातली लग्नं जुन्याच नकाशावर होत राहिली. तुम्हाला बीदर परकं वाटायचंच नाही. तुम्ही हिशेब असा मांडलात: पोरगी तिकडची पैदाइश, अकरावी-बारावी मामूकडं राहून तिकडं करील, म्हणजे तिकडच्या मेडिकलच्या सीटवर हक्क. घर आपलं इथं, म्हणजे इकडच्या सीटवर हक्क आहेच. "दो दरवाजे हो जाते," तुम्ही अम्मीला म्हणालात. अम्मी रोटी लाटत होती. ती म्हणाली, "पूछ तो लेव किसीकू." तुम्ही म्हणालात, "पूछना क्या उसमें? अपनाच घर है दोनो तरफ."

मी खूश झालो. आपाची पेटी बांधली तेव्हा मीच दोरी आवळली. मला वाटलं, आता दोन वर्षं घरात मी एकटा, अब्बा एकटे माझे. आणि झालं काय? दर जुम्म्याला नमाजीहून आलात की तुम्ही तिला कार्ड लिहायला बसायचात, उर्दूत, बारीक अक्षरात, पत्त्याच्या बाजूलाही ओळी घालून. मी समोर बसलेलो असायचो. तुम्ही लिहिता लिहिता हसायचात. मला एक अक्षर वाचता यायचं नाही. भिंतीवरून मारलेल्या सगळ्या उड्या मला तेव्हा टोचायला लागल्या. ते कार्ड पेटीत टाकायला मलाच धाडायचात. मी ते उलटंसुलटं करून बघायचो आणि टाकायचो. फाडलं कधी नाही. मनात आलं होतं.

बारावी झाली, मार्क चांगले पडले, आणि तुम्ही मला घेऊन फॉर्म आणायला गेलात. खिडकीमागच्या बाबूनं कागद उलटले आणि मान हलवली. "चाचा, पोरीची बारावी बाहेरची हाय."

"बाहेरची काय साहेब, बीदरची. मामाकडं होती. घर इथं शहागंजात, चार पिढ्यांपासून."

"घर नाय बघत, चाचा. बारावी बघतेत. ही बाहेरच्या राज्यातली धरतेत आता."

"मग कर्नाटकात..."

"तिकडं सात वर्षं शाळा पाह्यजे. तिची किती? दोन." त्यानं कागद परत सरकवले. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "कुणी सांगितलं व्हतं तुमाला असं करायला?"

बाहेर येऊन झाडाखाली सायकलला टेकून उभे राहिलात, कागद उन्हात पुन्हा वाचलेत, बोट ठेवून. दोन्ही दरवाजे बंद, आणि ते तुमच्याच हातानं. तुमचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा बघितला. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, चला, आता ही पण माझ्यासारखीच. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, मला माहीत नाही.

पण तुम्ही कुठं थांबणार. कुणीतरी सांगितलं की काही कॉलेजं अशी आहेत की ती राज्य बघत नाहीत, त्यांची आपली आपली परीक्षा असते आणि देशातून कुणीही बसावं. मग घरात फॉर्मच फॉर्म. स्वयंपाकघरात जेवायचा दस्तरख्वान अंथरून त्यावर ते मांडायचे, कारण तेवढी कोरडी मोठी जागा दुसरी नव्हती. प्रत्येक फॉर्मवर एक चौकट असायची, राज्यातला की राज्याबाहेरचा, आणि आपा दर वेळी दुसरीवर खूण करायची. अम्मी म्हणायची, "सालन का डाग पडींगा, उठाव." तुम्ही म्हणायचात, "ठैर जा, एक दस्तखत." माझी बारावी तर दूरच, मी दहावीच्या गणितात अडकलेलो. त्यामुळं मी रिकामा, आणि पोरीबरोबर घरचा मर्द पाहिजे. पंधरा वर्षांचा मर्द! तुम्हाला रजा नव्हती, म्हणून मी सोबतीला. असा मी पहिल्यांदा गावाबाहेर पडलो. तुमच्या लाडक्या लेकीच्या फॉर्मांनी मला फिरायला लावलं, अब्बा, हे तुमच्या कधी लक्षात आलं का? ती आत पेपर सोडवायची आणि मी तीन तास मोकळा. बनारसला मी गल्ल्यांमधे हरवलो आणि एका विणकराच्या मागावर बसून आलो. वेल्लोरला किल्ल्याच्या खंदकात मासे बघितले. वर्ध्याला काही नव्हतं, तिथं एका बैलाशी गप्पा मारल्या. घरी परत आलो की मला वाटायचं, आता अब्बा विचारतील. तुम्ही दारातच विचारायचात, "पेपर कैसा गया?" आपा सांगायची. तुम्ही प्रत्येक प्रश्न ऐकून घ्यायचात. मी चपला काढत उभा असायचो, खिशात वेल्लोरचा एक गुळगुळीत दगड घेऊन. तो शेवटी तिथंच कुठंतरी ठेवला.

शेवटची परीक्षा पाँडिचेरीची. कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या म्हणून तुम्हीही आलात. मला आपाचा राग आला होता, कारण वाटेत सगळ्या गाड्यांत तुम्ही तिच्याच बाजूला बसलात, तिला झोप लागली की तिच्या पुस्तकाला बोट घालून पान धरून ठेवायचात. मद्रासहून पुढं बसनं. सकाळी तिला गेटच्या आत सोडलं. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून काही पुटपुटलात, फुंकर घातलीत, आणि गेट बंद झालं. आता तीन तास. बाहेर बरेच आई-बाप, वर्तमानपत्रं अंथरून बसलेले. तुम्ही लगेच एका नागपूरच्या माणसाला धरलंत, "साहेब, बाहेरवालों के लिए कितनी जगा रहती?" तो म्हणाला, "अहो चाचा, सगळेच बाहेरचे बसलेत इथं." तुम्ही पुन्हा दुसऱ्याला विचारायला निघालात. मी तुमची बाही धरली.

"अब्बा, समुंदर पास में है."

"तो?"

"चलो ना. तीन घंटे है."

"पागल है क्या? बच्ची अंदर है."

"वो तीन घंटे अंदरच है, अब्बा. बाहर थोडीच आरी."

मला वाटलं तुम्ही झिडकाराल. तुम्ही गेटकडं बघितलंत, मग घड्याळाकडं, मग माझ्याकडं. म्हणालात, "दूर तो नै ना?" आणि चालायला लागलात. मी पुढं पळालो, कारण तुमचं मन फिरलं तर.

पन्नाशी गाठलेल्या माणसानं समुद्र बघितलेला नव्हता. आपल्या गावातून कोण बघणार? तिथं वाळू नव्हती, काळे दगड रचलेले होते आणि पाणी त्यांवर येऊन आदळत होतं. तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबलात. डोळ्यांवर हात धरून लांबवर बघितलंत. मग म्हणालात, "इसका दुसरा किनारा किधर है रे?" मी म्हणालो, "नै है." तुम्ही म्हणालात, "ऐसा कैसा नै है?" आणि चपला हातात घेऊन दगडांवर उतरायला लागलात. गुडघे वाजत होते. दगड बुळबुळीत होते, तुम्ही माझा हात धरलात. मी तुमचा नाही धरला, तुम्ही माझा धरलात, मला नीट आठवतं. एक लाट आली आणि तुमचा पायजमा मांड्यांपर्यंत भिजला. तुम्ही ओरडलात, लहान पोरासारखे. मग बोट बुडवून जिभेला लावलंत, प्रयोगशाळेत कसली बाटली कुठली ते हुंगून बघायचात तसं, आणि तोंड वाकडं केलंत. "तेरी अम्मी ने नमक डाला क्या इसमें?" आपण दोघं हसलो. तुम्ही पाण्याकडं बघत म्हणालात, "इतना पानी, और मेंढक एक नै."

मी म्हणालो, "होता तो मैं पकडता."

"हौ," तुम्ही म्हणालात, "तू पकडता."

आपण तिथंच बसलो. तुम्ही मला बनारसबद्दल विचारलंत. खरंच विचारलंत, "वहां क्या करा तू तीन घंटे?" आणि मी सांगायला लागलो, माग, विणकर, वेल्लोरचे मासे, वर्ध्याचा बैल, सगळं एकमेकांत मिसळून, आणि तुम्ही ऐकत होता. ऊन डोक्यावर आलं. तुमचा पायजमा वाळून मिठानं कडक झाला. आपाचा पेपर आणखी लांबावा, असं मी मनात म्हणत होतो, तो संपूच नये. तुम्हालाही भान राहिलं नाही. घड्याळ तुमच्याच हाताला होतं.

आपण पळत आलो तेव्हा गेटपाशी कुणी नव्हतं. वर्तमानपत्रं उडत होती. आपा भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, ओढणी तोंडावर धरून. पेपर सुटून पाऊण तास झालेला. परक्या गावात, भाषा येत नाही, पैसे तुमच्या खिशात. एक चौकीदार लांबून तिच्याकडं बघत होता. तुम्ही तिला उठवलंत, छातीशी धरलंत, म्हणालात, "जोहर पढने गए थे बेटा, मस्जिद दूर निकली." ती तुमच्या पायजम्याकडं बघत होती. तुम्ही म्हणालात, "वजू करते वखत भीगा." तिनं विश्वास ठेवला. तिला वाटणारच नाही की तुम्ही तिच्याशी खोटं बोलाल.

बस स्टँडवर ती बायकांच्या बाजूला गेली तेव्हा तुम्ही मला खांबाआड घेतलंत. तुम्ही हात उचलला असता तर बरं झालं असतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तेरेकू कुछ नै बनना, तो मत बन. मगर उसकू तो बनने दे." मग तोंड फिरवलंत. औरंगाबादपर्यंत मी वरच्या फळीवर झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. त्या दिवसानंतर तुम्ही समुद्राचा शब्द काढला नाहीत, कधीच नाही. मीही नाही. मला वाटलं, तुम्हाला त्याची लाज वाटते, तो तुम्ही पुसून टाकलात, आणि त्याबरोबर मलाही.

आपाचं नाव लागलं ते तिथंच, पाँडिचेरीला. बाकी सगळीकडून नकार. तुम्ही प्रयोगशाळेत पेढे वाटलेत. ती गेली, आणि दर इतवारी सकाळी तुम्ही चौकातल्या एसटीडीवर जायचात. काचेची खोली, आत एकालाच उभं राहता येईल एवढीच जागा. मी बाहेर. तुम्ही नंबर फिरवायचात, वाट बघायचात, आणि मग तुमचा चेहरा बदलायचा. हसायचात. विचारायचात, ऐकायचात, मान डोलवायचात. एक हात वर नेऊन खाली आणायचात, पुन्हा वर, पुन्हा खाली. मला वाटायचं नाडीचं काही चाललंय, नाहीतर हृदयाचं. काचेतून आवाज यायचा नाही. बाहेर आलात की नेहमीचे अब्बा. "पढाई ठीक चलरी उसकी," एवढंच सांगायचात. दुसऱ्या वर्षी मी इतवारी तुमच्याबरोबर यायचंच बंद केलं. सकाळी उठून कुठंही निघून जायचो. खुलताबाद, पैठण, जिथली पहिली गाडी मिळेल तिथं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत कुठं जातो म्हणून.

तुम्ही गेलात तेव्हा मात्र मी घरी होतो. ती तिसऱ्या वर्षाला होती, दोन दिवसांच्या वाटेवर. तिच्यासाठी थांबता येत नव्हतं. मी खांदा दिला, कबरीत मी उतरलो, माती मी दिली. आणि येणारा प्रत्येक माणूस मला विचारत होता, "डॉक्टर बेटी पहुंची क्या?" मी सांगत होतो, "नै पहुंची." ती पोचली तेव्हा बायकांनी एवढा आकांत केला की मी चपला घालून स्टेशनवर गेलो आणि मनमाडपर्यंत जाऊन आलो. तुमच्या दफनाच्या तिसऱ्या दिवशी मी रेल्वेत होतो, तिकीट न काढता. हे कुणालाच माहीत नाही.

आता गेल्या जुम्म्याचं. आपाच्या ओट्यावर शेंगा फोडत होतो. गंगापूरची हवा दमट झालीय, बहुतेक धरणाच्या पाण्यामुळं, असलं काहीतरी मी बडबडत होतो. ती म्हणाली, "मेरेकू पानी दिखा की अब्बा याद आते." मी विचारलं, का? ती हसली. "अरे, हर इतवार फोन पे पहला सवाल वोइच. आज समुंदर कैसा है? पढाई बाद में. मैं सुबह सात बजे देखने जाती थी, सिर्फ उनकू बताने के वास्ते. लहरां ऊंची है क्या, पानी काला है क्या हरा. एक बार परीक्षा थी, नै गई मैं, तो नाराज हो गए." मी शेंग तशीच धरून बसलो. ती म्हणाली, "तेरेकू नै मालूम? मेरे पेपरके दिन गए थे वो देखने. मेरेसे झूट बोले, नमाजकू गए थे बोलके. पहले साल फोन पेच कबूल करे. इतना हंसे. नमक चखे बोले."

मी विचारलं, "किसके साथ गए थे?"

"मैं भी पूछी. बोले, अकेला गया था." तिनं टरफलं सुपात झटकली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू कहां था तब?"

मी म्हणालो, "गेटपेच."

तिनं मान हलवली. पुढं ती डोळ्यांच्या शिबिराचं काही सांगत राहिली आणि मी हूं हूं करत राहिलो. जीपमधे बसलो तेव्हा छातीत आग होती. तुम्हाला समुद्र मी दाखवला, अब्बा. सगळ्या आयुष्यात तुम्हाला मी दिलेली ती एकच चीज. आणि ती तुम्ही तिला दिलीत, दर इतवारी थोडी थोडी, काचेआड, मला बाहेर उभं करून. तो हात लाटांचा होता. मी दोन पावलांवर उभा होतो.

तेव्हापासून मी ते एकच वाक्य उलटंपालटं करतोय. अकेला गया था. कधी वाटतं तुम्ही मला वाचवलंत. तिला एकटं बसवून ठेवलं त्याचा दोष माझ्यावर येऊ नये, पुढं बहीण-भावात वाकडं येऊ नये, म्हणून सगळं स्वतःवर घेतलंत. हे तुम्हाला शोभतं. पोरांनी बरणी फोडली तरी प्रोफेसरांना तुम्ही स्वतःचंच नाव सांगायचात. कधी वाटतं, तुमच्या आठवणीत मी नव्हतोच. पाणी राहिलं, मीठ राहिलं, शेजारचा पोरगा गळून गेला. दुसरं जास्त पटतं, सवयीनं. जळायची एकदा सवय लागली की माणूस सोयीचंच धरून बसतो.

ही चिठ्ठी आपाला द्यावी असं काल दुपारपर्यंत मनात होतं. तिनं वाचली असती, तिला कळलं असतं. मग विचार केला, ती काय म्हणेल? ती मन मोठं करून म्हणेल, "अरे, तू भी था!" आणि गालावरून हात फिरवील. मग ते दगड, तो भिजलेला पायजमा, तो मेंढकाचा विनोद, सगळं आमच्या दोघांचं होईल. तिच्याकडं तुमची कार्डं आहेत, दीड-दोन वर्षांची, मला वाचता न येणारी. तिच्याकडं सगळे इतवार आहेत. माझ्याकडं एक सकाळ आहे. ती मी वाटून घेणार नाही. म्हणून हा कागद कुठंच जाणार नाही, तिच्याकडंही नाही.

एकच विचारायचं होतं. तुम्ही तिला अकेला म्हणालात तेव्हा तुम्हीही तेच करत होता का? तिला सगळं द्यायचं आणि एवढी सकाळ तेवढी बाजूला ठेवायची, माझ्यासाठी? तुम्ही हौ म्हणालात असं मी धरून चाललोय. खरं असेल असं मला वाटत नाही, पण चाललोय.